बिडीचं वाक्य

"माचिस?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. कापसातून सरकी काढायच्या जिनिंगच्या फाटकाशी कोणीही आलं की आधी तिथल्या चौकीदारभाऊंचा उजवा तळहात पुढे यायचा आणि हा एवढा एक शब्द. माचिस, बिडीचं बंडल, चिलीम, जे काय असेल ते त्या हातावर ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत कापसाच्या उंचच उंच गंज्या. एक ठिणगी पडली तर सगळा खेळ खलास. शेठजींचे जावई नागपूरहून पहिल्यांदा मोटारीनं आले, तेव्हा त्यांच्याही कोटाचे खिसे यांनी तपासले. जावईबापू लालबुंद झाले. शेठजी मात्र खूश. असा चौकीदार जिल्ह्यात दुसरा नाही, असं ते मुनीमजींना सांगत सुटले.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि शाळेचं ग्रंथालयही माझ्याच गळ्यात होतं. बोरगाव मेघेहून सायकलनं शाळेत येताना हे जिनिंग वाटेत लागे. एका उन्हाळ्यात सायकल पंक्चर झाली म्हणून मी फाटकाजवळच्या त्यांच्या खोलीच्या सावलीत टेकलो. माझ्या पिशवीत एक कादंबरी होती, ती त्यांनी वाचायला मागितली. आठ दिवसांनी परत दिली. मी विचारलं, कशी वाटली? आता या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं. छान आहे म्हणायचं आणि चहाकडे वळायचं. ते म्हणाले, "चारशे पानं कास्तकाराची गोष्ट हाय. पन एकानंबी निंदन केलं नाई, मास्तर. हे लोक खाऊन काय राह्यले?"

मी गारच पडलो. कारण वर्ध्याच्या एका साप्ताहिकात माझं 'नुकतंच वाचलेलं' नावाचं सदर होतं आणि त्याच कादंबरीला मी त्यात 'मातीचा अस्सल सुगंध' बहाल केला होता. वाचली होती पहिली वीस पानं.

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांना पुस्तक नेऊन द्यायला लागलो. ते सातवीपर्यंत शिकलेले. दीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरातले देव काढले, ती फळी रिकामी झाली आणि तिच्यावर पुस्तकं आली, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. पुस्तक संपल्याशिवाय ते मत देत नसत. अर्ध्यातून बोलू नये माणसानं, हे त्यांचं नेहमीचं. एका गाजलेल्या प्रेमकथेबद्दल म्हणाले की दोघंही कामाला जात नाहीत, मग प्रेम करायला सवड मिळणारच. एक कवितासंग्रह तीनदा वाचला आणि परत देताना म्हणाले, "मले समजलं नाई. वाईट हाय असं नाई म्हनत." एका बाईनं लिहिलेलं आत्मचरित्र मात्र महिनाभर परत येईना. ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि संपल्यावर ती म्हणाली होती की आता पुन्हा पहिल्यापासून वाचा.

हळूहळू ही मतं माझ्या सदरात उतरायला लागली. नाव माझं, मत त्यांचं. लोक म्हणाले, मास्तर आता निर्भीड लिहितात हो! मीही मान डोलवायचो. त्यांना हे ठाऊक होतं. तुमच्या नावानं का होईना, खरं छापून येतं ना, एवढंच ते म्हणाले.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हंगाम सुरू झाला, कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली, की त्यांचं पुस्तक खोलीतल्या खुंटीवर पिशवीत असायचं. फाटकावर उभं राहून त्यांनी कधी ओळ वाचली नाही. हे मला कोणी सांगितलेलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या वर्षी साप्ताहिकाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी व्यक्तिचित्र मागितलं. मी लिहिलं, 'वाचणारा चौकीदार'. चौकीदार वाचतो याचं मला नवल वाटलं, इथूनच माझी लाज सुरू होते. त्या लेखात मी त्यांना 'तो' लिहिलं होतं, तेही आता टोचतं. लेख झाला, पण फिका वाटला. काहीतरी गमतीदार हवं होतं. म्हणून एक वाक्य घातलं : 'एकदा तर पेटती बिडी ओढत बंडीवाला थेट गंजीपर्यंत गेला आणि आमच्या या रसिकानं फक्त पान उलटलं.' असं काही घडलं नव्हतं. कधीच नाही.

अंक निघाला. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत तेवढंच वाक्य वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरून हसले. मी फुशारून अंक घेऊन फाटकावर गेलो. त्यांनी तो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चांगलं लिवलं. पन हा बिडीवाला कवा आलता?"

मी म्हणालो, अहो भाऊ, गंमत आहे ती. लिहिताना थोडं मीठ घालावं लागतं.

"मीठ तुमचं, मास्तर. पन भाकर माही हाय," ते म्हणाले.

मी हसण्यावारी नेलं. आठच दिवसांत मुनीमजींनी तो लेख शेठजींना वाचून दाखवला. शेठजींनी यांना बोलावून विचारलं. यांनी सांगितलं की असं झालं नाही. शेठजींनी अंकावर बोट ठेवलं. छापलंय इथं! ऐन हंगामाच्या तोंडावर त्यांना घरी बसवलं.

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा माझ्या घरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. अंगणातच उभे राहून म्हणाले, "तुमी येऊन शेठजीले एवढंच सांगा का ते वाक्य खोटं हाय. बाकी काई नका सांगू." दोन पोरी शिकत होत्या, बायको आजारी होती, यातलं ते एका शब्दानं बोलले नाहीत. मला ते सगळं माहीत होतं. उद्याच येतो, असं मी सांगितलं.

आणि गेलो. खरंच गेलो. ते फाटकाबाहेरच्या निंबाखाली थांबले, मी आत गेलो. शेठजी गादीवरून उठून सामोरे आले. या शेठजींचं आमच्या शाळेच्या कमिटीत वजन होतं आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. ते म्हणाले, "मास्तरजी, आपने बचा लिया. तुम्ही लिहिलं नसतं तर एक दिवस राख झाली असती." चहा आला. मुनीमजींनी लेखाची तारीफ केली. आता बोलू, हा घोट झाला की बोलू, असं करता करता कप रिकामा झाला. मग शेठजींनी माझ्या नोकरीचं विचारलं. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर आलो.

निंबाखाली ते उभेच होते. मी म्हणालो, "भाऊ, सांगून पाहिलं. शेठजी ऐकायला तयार नाहीत."

एवढा पुस्तकातला खोटेपणा वासावरून ओळखणारा माणूस! मला वाटलं, आता पकडतील. ते म्हणाले, "जाऊ द्या, मास्तर. तुमी गेलते ना."

पुढे ते बिऱ्हाड घेऊन कारंजा घाडगेला बायकोच्या माहेरी गेले. हायवेवर ट्रक भरायच्या कामाला लागले, असं ऐकलं. माझी नोकरी कायम झाली. दहाएक वर्षांनी माझं व्यक्तिचित्रांचं पुस्तक निघालं. त्यात हाही लेख घेतला, बिडीचं वाक्य तेवढं गाळून. मनाला बरं वाटावं म्हणून एक प्रत त्यांच्या पत्त्यावर धाडली.

महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. पूर्ण वाचल्याशिवाय त्यांनी लिहिलं नसणार. चार लेख आवडले होते, दोन लांबले होते, एकातली म्हातारी जरा जास्तच रडत होती. शेवटी लिहिलं होतं : "माह्यावरच्या लेखातलं ते वाक्य काढलं, ते चांगलं केलं. पन तुमी माह्यासाठी शेठजीपाशी गेलते, आन् त्यायनं आयकलं नाई, ते काऊन नाई लिवलं? सोताची बढाई वाटंल म्हून सोडलं असंल. पन खरं हाय ते, लिवाले पाह्यजे होतं."

ते कार्ड वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा तरी खरं कळवावं की नाही? मी उत्तर पाठवलं : 'सूचनेबद्दल आभारी आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करीन.'

पुढची आवृत्ती निघालीच नाही. दोन वर्षांनी त्यांची थोरली मुलगी वर्ध्याला नर्स होऊन आली, तिच्याकडून ते गेल्याचं कळलं. बाबा तुमच्या नव्या पुस्तकाची वाट पाहायचे, असं ती म्हणाली. माझ्याकडे पाहून असं हसली, जसं आपण उपकार करणाऱ्या माणसाकडे पाहून हसतो. तिलाही मी काही सांगितलं नाही.

दुरुस्ती आता करतो आहे. मी शेठजींना काहीच सांगितलं नव्हतं, भाऊ. मी चहा पिऊन परत आलो होतो.