ती बाई गेली कुठं

गेल्या आठवड्यात इथल्या, रायपूरच्या मराठी मंडळाच्या नव्या सचिवाचा फोन आला. माणूस चांगला आहे, बँकेत आहे, आजोबा अमरावतीचे. पण मराठी त्याला नुसती समजते, तोंडातून हिंदीच निघते. "दीदी, इस साल कौन सा नाटक बुलाएँ? कुछ आजकल का, घर-परिवार, समाज वाला. आप बता दीजिए, बस." मी म्हटलं, काहीही आण बापा, हसायचं आण. तर तो माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला.

तब्येत ठणठणीत आहे. नाटकं सुचवणं सोडलं आहे मी, एवढंच.

बारा वर्षं हे काम माझ्याकडे होतं. रायपुरात मराठी नाटक आपल्या पायांनी चालत येत नाही, नागपूरहून नाहीतर पुण्याहून बोलवावं लागते, तेही वर्षातून एक. म्हणून मंडळानं मला नेमलं होतं. हिवाळ्यात नागपूरला बहिणीकडे जाऊन राहायचं, मिळतील तेवढी नाटकं पाहायची आणि परत येऊन सांगायचं, यंदा हे आणा. सरकारी कचेरीत नोकरी झाली माझी, नोटशीट लिहिण्यात हयात गेली, त्यामुळे माझी शिफारस मुद्देसूद असायची: विषय काय, कोणाला लागेल, काहून पाहावं. आणि आमच्याकडे एक रीत आहे. ज्यानं नाटक सुचवलं त्यानं पडदा उघडायच्या आधी माईकवर दोन शब्द बोलायचे. माझे दोन शब्द दहा मिनिटं चालायचे. लोक घड्याळ पाहायचे, मी लोकांकडे पाहायची नाही.

विनोदी नाटकांचा मला रागच होता. खजिनदार म्हणायचे, बाई, दिवसभर साहेबाच्या शिव्या खाल्ल्यावर रडायला कोण येईल? मी म्हणायची, घरी रडता येत नाही म्हणूनच तर यायचं. मग मीच जिंकायची. एका वर्षी एका म्हाताऱ्या वडिलांचं नाटक आणलं. त्यांची आठवण गेलेली, आणि दोन मुलं त्यांना महिन्या-महिन्यानं वाटून घेतात. मध्यंतरात आमचे दोन-तीन रिटायर लोक नळावर तोंड धूत होते. दुसऱ्या वर्षी भाड्यानं घर शोधणाऱ्या जोडप्याचं. फोनवर सगळं ठरते, आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असते. त्या नाटकाला पूर्ण हॉल उभा राहिला. आमच्या मंडळात रेल्वेतली, प्लांटमधली बौद्ध कुटुंबं माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून सभासद आहेत. त्या दिवशी त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या, आणि बाहेर येऊन ते त्यांच्या घोळक्यात उभे राहिले, आम्ही आमच्या. कार्यकारिणीत तेव्हा त्यांच्यातलं कोणी नव्हतं, अजूनही नाही. मी बारा वर्षं त्या कार्यकारिणीत बसली, एकदाही विषय काढला नाही.

नाटकं चांगली होती, त्यांच्यात खोट नाही. आजकाल लिहिणारे धीट आहेत, करणारे त्याहून धीट. पण नावं देत नाही मी, मुद्दाम देत नाही. नाव दिलं की कोणीतरी तिकीट काढेल, पाहील, आणि मग जबाबदारी परत माझ्यावर येईल.

आता शेजारणीचं सांगते. तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या आणि तिच्या घराची भिंत एकच. मी यवतमाळहून सून म्हणून आली, दोन वर्षांनी ती वर्ध्याहून आली. तिचा नवरा सिलतऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, आता रिटायर होऊन दिवसभर घरीच असतो. गल्लीत त्याचं नाव चांगलं. दारू नाही, पान नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. तो फक्त ताट पालथं घालतो. मीठ कमी, वरण पातळ, पोळी गार, कोणतंही कारण चालते. भरलेलं ताट उचलायचं, फरशीवर पालथं घालायचं आणि तिथंच मांडी घालून बसून राहायचं. तिनं पुसायचं, परत रांधायचं, परत वाढायचं. तीस वर्षांवर झालं हे. भिंतीपलीकडून स्टीलच्या ताटाचा आवाज आला की आमचे हे टीव्ही मोठा करायचे. मीही कधी लहान करा म्हटलं नाही.

चार वर्षांपूर्वी नागपूरला मी एक नाटक पाहिलं. साठीला आलेली बाई. नवरा मारत नाही, पण तिला माणसात धरत नाही. मुलगा समजावतो, नणंद समजावते. शेवटी भर दुपारी ती एक पिशवी भरते, "मी जाते" म्हणते आणि जाते. दार उघडंच राहते, पडदा पडतो. पहिल्याच अंकात मला शेजारीण आठवली होती. खरं सांगते, तिच्यासाठीच मी ते आणलं. कार्यकारिणीशी भांडून आणलं. तिच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्याला म्हटलं, भाऊजी, तुम्ही पण या. तो आला नाही, तिला मात्र येऊ दिलं.

त्या दिवशी माईकवर मी म्हटलं, "हे नाटक प्रत्येक बाईनं पाहावं. आणि पाहून इथंच ठेवून जाऊ नये, घरी घेऊन जावं." टाळ्या पडल्या. ते वाक्य मी आदल्या दिवशी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं.

ती माझ्या बाजूच्या खुर्चीवर होती. नाटकातली नणंद म्हणाली, या वयात कुठं जाशील, घरोघरी मातीच्याच चुली, तेव्हा हॉलभर चक् चक् झालं. सगळ्यात मोठ्यानं मीच केलं असेल. शेजारीण नुसती समोर पाहत होती. रडलीही नाही. बाहेर चहाचा कप हातात घेऊन तिनं मला बाजूला ओढलं.

"मंग ते बाई गेली कुठं वो?"

"कोणती बाई?"

"नाटकातली. पिशवी घेऊन निघाली न ते. गेली कुठं?"

"ते महत्त्वाचं नाही," मी म्हटलं. "ती निघाली, हे महत्त्वाचं."

तिनं जरा विचार केला. "हव," म्हणाली, आणि चहा प्यायला लागली.

किती शहाणपण ते माझं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिनं एकच कामाचा प्रश्न विचारला होता. पूर्ण हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला तो सुचला नव्हता, मला तर नव्हताच.

आठ-दहा दिवसांनी सकाळी अकराला बेल वाजली. दारात ती, हातात प्रवासाची बॅग. "निघाली मी," ती म्हणाली. "तू म्हटलं होतं न." पेपर सोपा गेलेल्या पोट्टीसारखा चेहरा होता तिचा. तीस वर्षांत तसा मी पाहिला नव्हता. बॅगेत दोन साड्या, बीपीच्या गोळ्या, जुना चष्मा, आधार कार्ड. घाईत नाही, नीट विचार करून भरली होती.

आमचा मुलगा हैदराबादला असतो. वरची त्याची खोली रिकामी आहे. पलंग आहे, पंखा आहे, बाथरूम लागूनच आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी लोकांना जागेची अडचण सांगितली.

मी चहा ठेवायला आत गेली तर आमचे हे मागोमाग आले. "एक-दोन दिवस ठीक आहे," हळूच म्हणाले. "मंग? त्याचं तोंड रोज पाहावं लागते आपल्याले. मोहल्ल्यात म्हणतील, यांनीच घर फोडलं." ते रागावले नव्हते. नाही असंही म्हणाले नव्हते. मी एकदा जरी "ती राहील" म्हटलं असतं तर ते चूप बसले असते, एवढ्या वर्षांच्या संसारात इतकं तर मला कळते. मी काही म्हटलं नाही. चहा गाळला आणि बाहेर घेऊन गेली.

मग तिला जेवू घातलं आणि समजावत बसली. चार तास समजावलं. या वयात कुठं जाशील. पोरीच्या सासरचे काय म्हणतील. त्याला शुगर आहे, त्याचं कोण पाहील. मारत तर नाही न तो. घरोघरी मातीच्याच चुली. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की मी त्या नणंदेचं भाषण म्हणून राहिली आहे, जवळजवळ शब्दाला शब्द. ध्यानात आलं, तरी थांबली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, मी तर माईकवर सांगितलं होतं. ती ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "मले वाटलं, तुझ्याकडं..." आणि पुढचं तिनं सोडून दिलं. मीही विचारलं नाही काय वाटलं म्हणून.

साडेचारला मी तिला घरी पोचवून आली. बॅग मी धरली होती, तिला ओझं नको म्हणून. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं, बाजूला सरकून तिला आत जाऊ दिलं, आणि मला म्हणाला, "या वहिनी, चहा घेता?" मी नको म्हटलं. "बरं झालं तुम्ही समजावलं," तो म्हणाला. "थोडं डोकं गरम झालं होतं तिचं." मी हसली. चारचौघात हसते तशी, नीट हसली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाच्या बायकांत हीच गोष्ट. अध्यक्षांच्या मिसेस सगळ्यांसमोर म्हणाल्या, यांनी एक घर मोडता मोडता वाचवलं. बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या अर्ध्याअधिक त्या पिशवीवाल्या बाईच्या नाटकाला उभ्या राहून टाळ्या वाजवणाऱ्या होत्या. मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी वाण घेतलं आणि घरी आली.

ताट पालथं पडणं काही थांबलं नाही. आता त्याच्यासोबत भिंतीतून एक वाक्यही येते. "बॅग भरून देऊ का?" तो आवाज चढवत नाही, त्यामुळे कान द्यावा लागते, आणि मी देते. आधी त्याच्याजवळ नुसतं ताट होतं. दुसरं हत्यार मी नेऊन दिलं, नागपूरहून शोधून, कार्यकारिणीशी भांडून, दहा मिनिटं माईकवर त्याची तारीफ करून. त्याच वर्षी मी मंडळाला सांगितलं, आता माझ्याकडून होणार नाही, गुडघे दुखतात. त्यांनी शाल आणि नारळ दिला.

ती माझ्याशी भांडली नाही. दळण न्यायला निघाली की विचारते, तुझं आहे का. लोणचं घातलं की वाटीभर आणून देते. दोन शिव्या घातल्या असत्या, बोलणं बंद केलं असतं, तर मला कुठं उभं राहायचं ते तरी कळलं असतं. तिच्या चांगुलपणाचाच मला कधी कधी राग येते, आणि मग त्या रागाची लाज वाटते. मंडळाच्या नाटकाला ती परत कधी आली नाही. मीही जात नाही.

दीड वर्षापूर्वी मी हिंमत केली. तिचा नवरा पुरानी बस्तीत कोणाच्या तेरवीला गेला होता. ती अंगणात चेच भाजी निवडत बसली होती. इकडची पालेभाजी आहे ती, देठ चिवट असतात, निवडायला वेळ लागते. मी तिच्यासमोर बसली आणि एका दमात बोलून टाकलं. तेव्हा मी चुकली. तू ये माझ्याकडे. वरची खोली रिकामीच आहे. दोन दिवसांसाठी नाही, कायमची ये.

तिनं मान वर केली नाही. पण हात मंदावले. ती खरंच विचार करत होती, मला दिसत होतं. तिचं मन पार मरून गेलं असेल असं मी धरून चालली होती, आणि तसं धरणं मला सोयीचंही होतं. ते मेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजीले विचारलं का तू?"

आमच्या ह्यांना विचारलं नव्हतं. तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या पाठीमागं, मी तिला माझ्या घरची खोली देऊन मोकळी झाली होती, आणि माझ्या घरात त्यातला एक शब्द बोलली नव्हती.

"विचारते," मी म्हटलं.

"विचारून सांग मंग," ती म्हणाली. रागानं नाही, टोमणा मारून नाही. दळणाचं विचारते तशीच. निवडलेली भाजी तिनं अर्धी केली. "आमच्या दोघांले इतकी होत नाही," म्हणाली, "घेऊन जाय."

मी घेऊन आली. रात्रीच्या जेवणाला चण्याची डाळ टाकून केली, ह्यांनी दोनदा मागून घेतली. जेवता जेवता विचारीन असं ठरवलं होतं. त्याला दीड वर्ष झालं. मी अजून विचारलं नाही.