हानाबा मावशीचा भाऊ
बर्फ पडलंय, साप बिळात गेलेत, म्हणून सांगते. उन्हाळ्यात विचारलं असतं तर हाकलून दिलं असतं. आणि ते जे कातडं पांघरून जनावर होऊन फिरतात, त्यांचं नाव माझ्या तोंडून वदवून घ्यायला जाऊ नका. मावशीच्या त्या माणसाचंही नाव मी घेणार नाही. तो गेला, आणि गेलेल्याला हाक मारायची नसते. पवनचक्कीवाला म्हणू, सगळे तसंच म्हणायचे.

हानाबा मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लाल ओढ्याच्या वरच्या अंगाला तिचं होगन, म्हणजे आमचं लाकडामातीचं गोल घर, दार पूर्वेला, मागे मेंढरांचं कुंपण. हात मागावर आणि जीभ गावभर, अशी बाई. तिच्या तोंडी लागायला भले भले घाबरायचे. पवनचक्कीवाला मात्र घाबरला नाही. तो पाण्याच्या पंपांच्या चक्क्या दुरुस्त करत फिरायचा. पहिल्याच दिवशी तिच्या मागाजवळ उभा राहून म्हणाला, की ह्या गालिच्याचा पट्टा दारू पिऊन घरी निघालाय. ती म्हणाली, सारखं चक्कीवर चढून तुझ्या डोक्यात वारं शिरलंय, आधी ते काढ. झालं. त्या दिवसापासून दोघं भेटली की एकमेकांना नुसती सोलून काढायची. आई सांगायची, तेवढी हसताना हानाबाला आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा थोरल्या मामानं कूळ विचारलं. कोणीही विचारणारच. आईचं कूळ कुठलं, बापाचं कुठलं, हे सांगितल्याशिवाय आमच्यात नीट ओळखसुद्धा होत नाही, मग सोयरीक कुठून व्हायची? ह्या बिचाऱ्याला सरकारी निवासी शाळेच्या गाडीनं इतका लहान असताना उचलून नेलं होतं, की त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामा म्हणाला, उद्या ती तुझीच बहीण निघाली तर? तो बरेच दिवस वाड्यावस्त्यांवर विचारत फिरला आणि रिकाम्या हातानं परत आला.

नेमकी त्याच दिवसांत मेंढरं मरायला लागली. कोल्ह्याचे माग ओढ्यापर्यंत यायचे आणि पलीकडे बुटांचे निघायचे. लोक बोलेनासे झाले. आमच्याकडे असं काही घडलं की लोक आधी बोलणं बंद करतात. मग एका पहाटे शेजाऱ्यानं कोल्ह्यावर गोळी झाडली, डाव्या मागच्या पायावर लागली. दुपारी पवनचक्कीवाला मावशीच्या दारात आला, डावा पाय ओढत. म्हणे, शिडीवरून पडलो.

मामा गावातल्या दोघा गड्यांना घेऊन आला. बंदुकीच्या गोळ्यांना राख चोळलेली. तसल्यांना साधी गोळी लागत नाही म्हणतात. मावशी चुलीवर मटण ढवळत होती आणि तो भिंतीला टेकून बसला होता. मामानं त्याला बाहेर यायला सांगितलं. म्हणाला, तुझं कूळ नाही, तुझ्याबद्दल शब्द टाकणारं माणूस नाही, उठ.

मावशी दारात येऊन उभी राहिली.

"आहे माणूस," ती म्हणाली. "हा आपल्या बापाच्या कुळातला. माझा भाऊ आहे."

मामाला ते खोटं आहे हे कळलं नसेल? सगळ्यांना कळलं. पण नातं एकदा चारचौघांत उच्चारलं की ते खरं होतं. नातेवाइकावर बंदूक उचलायची म्हणजे आपणच तसले झालो.

"हानाबा, विचार करून बोल," मामा हळूच म्हणाला. "हा शब्द परत घेता येणार नाही."

"भाऊ आहे माझा."

मामानं बंदुकीतून गोळ्या काढल्या, आत जाऊन त्याच्या समोर बसला आणि त्याला 'धाकट्या' म्हणून हाक मारली. मावशीनं चौघांनाही मटण वाढलं. वाढताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर कधीच पाहिलं नाही. बहीण-भावानं आमच्यात एकमेकांची थट्टा करायची नसते. ती आतेमामेभावंडांत चालते. सख्ख्यांनी नजर खाली ठेवायची, कामापुरतं बोलायचं. तो ओढ्यापलीकडे होगन बांधून राहिला. पिंपातून तिला पाणी आणून द्यायचा, लाकडं टाकायचा, "येतो बहिणी" म्हणायचा आणि निघून जायचा. त्यानं लग्न केलं नाही, तिनं केलं नाही. दोघांचे केस पांढरे झाले. मेंढरं मात्र परत कधी मेली नाहीत. मला या दोघांचा इतका राग यायचा, विचारू नका.

एकदा लोकर कातरायला मी तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी कुंपणाकडून हसण्याचा आवाज आला. मावशी हसत होती! समोरच्या टेकाडावर एक कोल्हा बसला होता, डावा पाय उचलून धरलेला.

"आलास का लंगड्या? शेपूट बघ कशी झालीय, माझा झाडू बरा तिच्यापेक्षा."

कोल्हा दिसला की आम्ही मक्याचा पराग शिंपडून मागे फिरतो. मी तिचा हात ओढला, म्हटलं, तुला भीती नाही वाटत?

"भावाची थट्टा करता येत नाही गं," ती म्हणाली. "ह्याची येते."

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी मामा यायच्या आधी तिनं त्याचा पाय धुतला होता आणि मांसातून शेजाऱ्याच्या बंदुकीची गोळी काढली होती. ती अजून तिच्याकडे होती. म्हणजे तुला माहीत होतं, मी म्हटलं. ती म्हणाली, माहीत होतं म्हणून काय मरू द्यायचं?

गेल्या वसंतात तालुक्याच्या दवाखान्यात त्याचा जीव गेला. बहिणीनं जेवढं रडायचं तेवढंच ती रडली. चार दिवस झाल्यावर परत मागावर बसली.

आता बर्फ पडल्यावर मी तिला आमच्याकडे आणायला गेले. येईना. संध्याकाळी कुंपणाला टेकून टेकाडाकडे बघत राहिली. तिथं काही नव्हतं. बर्फावर एक पाऊल नव्हतं. "उशीर झाला आज," असं काहीतरी पुटपुटली. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच उभ्या. शेवटी आत आलो, मी शेगडी पेटवली, तर म्हणते कशी, "काहीतरी बोल की. माझी थट्टा कर."

मला काय सुचणार? मागावर अर्धा गालिचा होता. मी म्हटलं, "मावशी, तुझा हा पट्टा दारू पिऊन घरी निघालाय."

तिनं पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"ते त्याचं आहे," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी बोल."