न वाचता दिलेला अंगठा

मंडळी, मी बोलतेय, नात लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा मुलगा कारखान्यांना रसायनांचा सल्ला देतो. नोकरी नाही, स्वतःचं काम. असंच काम करणाऱ्यांचा त्याने फोनवर ग्रुप केलाय. सगळे मोठे शिकलेले, पण उत्तर मिळालं नाही की जावयासारखे रुसतात! म्हणून तो आंघोळीला गेला की फोन माझ्याकडे. मेसेज आला की मी चित्रातला अंगठा दाबते. मला अक्षर कुठं येतं?

आज सकाळीही दाबला. तो बाहेर आला, फोन पाहिला आणि पांढराफटक पडला.

"माय, हे काय केलंस!"

लालबागच्या रंगाईच्या कारखान्यातून ग्रुपमधल्या वैशालीने विचारलं होतं, "सर, परवा तुम्ही पाहिलेली टाकी रिकामी आहे ना? ॲसिडने धुवायला सांगू?"

टाकीच्या तळाशी ब्लीच होतं. त्यात ॲसिड पडलं की विषारी वायू, आणि धुणारी दोन माणसं तिथंच उभी.

तो फोन लावतोय, ती उचलत नाही. मला देवाचं नावही आठवेना. पाचव्यांदा उचलला.

"त्यांना थांबवलं सर, मी पळतच गेले टाकीपाशी," ती धापा टाकत म्हणाली. "तुम्ही दहा प्रश्न विचारल्याशिवाय कधी हो म्हणत नाही. नुसता अंगठा पाहून मला भीतीच वाटली."



मी तर अडाणी बाई. पण तुम्ही वाचता येणारे, खरं सांगा, आज किती अंगठे न वाचता दिलेत?