थंडाबाईंची पसंती

पाणीपुरवठा कार्यालयातल्या सर्व्हरवाल्या बाईंना सगळे पाठीमागे ‘थंडाबाई’ म्हणत. एकोणीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं.

नवे साहेब आले आणि पंपांचा व तक्रारींचा असे दोन्ही सर्व्हर बदलायचं निघालं. त्यांवर ऑपरेटिंग सिस्टीम कुठली टाकायची, यावर बैठक बसली. साहेबांना दर महिन्याला कात टाकणारी, नवी कोरी सिस्टीम हवी होती. बाईंनी आणलेली अगदीच साधी: लागेल तेवढंच आत, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी, बाकी पाच वर्षं जैसे थे.

“यात नवीन काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच आणली.”

शेवटी पंप चालवणारा सर्व्हर बाईंच्या मर्जीवर सोडला, तक्रारींचा साहेबांनी स्वतःकडे घेतला.

तिसऱ्याच महिन्यात तक्रारींचा सर्व्हर अद्ययावत झाला आणि त्याने मान टाकली. दिवसभरात एकही तक्रार आली नाही, असं साहेबांनी वर कौतुकाने कळवलंसुद्धा. खरं कारण कळल्यावर त्यांनी बाह्या सरसावल्या, दोन दिवस खपून सर्व्हर उठवला, आणि संकटात दाखवलेल्या धडाडीबद्दल त्यांचा सत्कार झाला. बाईंचे पंप वर्षभर बिनबोभाट चालले. त्यांच्या अहवालात शेरा आला: ‘उल्लेखनीय काही नाही.’

तो शेरा मात्र बाईंना लागला. नवरा म्हणाला, “तूही पाड की एखाद दिवस बंद.” भांडी आवरेपर्यंत त्यांनी त्यावर खरंच विचार केला. मग टेकडीवरच्या वस्तीचे कोरडे नळ डोळ्यांपुढे आले आणि त्यांनी तो नाद सोडला.

तक्रारींचा सर्व्हर पाचव्यांदा बसला, तेव्हा साहेब स्वतः बाईंच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं.

“तुमची ती सिस्टीम माझ्या सर्व्हरवर चालेल का? बोभाटा नको.”

बाईंनी आठवडा मागितला. आधी सगळ्या माहितीची प्रत काढली, दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलं, आणि एका शांत सकाळी बदल उरकला. कुणाला पत्ताही लागला नाही.

पुढे साहेबांना बढती मिळाली. निरोपाच्या भाषणात ते स्थैर्य या विषयावर पाऊण तास बोलले. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मनापासून टाळ्या वाजवल्या आणि आता येणाऱ्या साहेबांना काय आवडतं याची चौकशी करायला शिपायाकडे गेल्या.