झाडू न लागणारा कोपरा

माझ्या सासरी पुढच्या खोलीत बूट शिवायचं दुकान आणि मागे घर. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आपण किती कामसू आहोत ते दाखवावं म्हणून मी झाडू घेऊन दुकानात शिरले. खिडकीखालच्या कोपऱ्यात जमिनीवर खडूची रेघ मारलेली. रेघेपलीकडे कातड्याचे तुकडे, अर्धे बूट, बिनतळाच्या टाचा, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, दोऱ्यांचा गुंता, सगळं एकावर एक. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मान वर न काढता म्हणाले, "सूनबाई, रेघेच्या आत झाडू नको."

मला वाटलं, खाली काहीतरी पुरलेलं असणार. तसं काही नव्हतं. तो कोपरा माझ्या नणंदेचा होता.

वन्सं माझ्याहून चार वर्षांनी लहान. रीत म्हणून पहिलं वर्षभर मी तिला तुम्ही म्हणाले. मग तुम्ही गळून पडलं, वन्सं तेवढं राहिलं. शाळेत ती एकाच वर्गात दोनदा बसली होती. बाईंनी शेरा लिहिला होता, फळ्याकडे न बघता मुलांच्या पायांकडे बघते. बाई काही खोटं लिहीत नव्हत्या. रस्त्यावरून कोण गेलं ते ती पावलांच्या आवाजावरून सांगायची, आणि कुणाचा कुठला गुडघा दुखतो तेही. घरात हुशार म्हणून नाव होतं आमच्या ह्यांचं, कारण ह्यांना सगळी उत्तरं यायची. हिला उत्तरं येत नसत. हिला पाय दिसत.

मामंजींनी तिला कधी मारलं नाही की कधी शाबासकी दिली नाही. तिने काही बनवलं की ते हातात घ्यायचे, उलटंपालटं करून बघायचे आणि विचारायचे, "हे असं का केलंस?" मग हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसायचे, गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी. एकदा तिने चांगलं अख्खं कातडं चुकीचं कापलं. मी दाराआड उभी, आता आकांडतांडव होणार म्हणून. मामंजींनी आधी चहा संपवला आणि मग तोच प्रश्न. तिने सांगितलं. "बरं, टाक कोपऱ्यात," म्हणाले. मला हे फाजील लाड वाटले. माझ्या माहेरी एक कप फुटला तरी दोन दिवस त्याचंच बोलणं चालायचं.

मामंजी गेले, दुकान तिने चालवलं. इतरांनी परत पाठवलेले पाय तिच्याकडे येत, वाकडे, आखूड, बोटं नसलेले. कोणतंही नवं काम आलं की पहिला बूट ती बिघडवायचीच, आणि तो कोपऱ्यात जायचा. मग दिवसचे दिवस त्या ढिगाकडे बघत बसायची. मी चहा आणून ठेवायची, तो गार व्हायचा. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "बघायला आले ते सगळे बसूनच होते. चालून दाखवलं असतं तर विचार केला असता."

माझ्या लग्नाला अशी बावन्न वर्षं झाली. हेही गेले. मुलं-नातवंडं नोकरीच्या गावी, घरात आम्ही दोघीच उरलो आणि एका सकाळी दुकानात बसल्याबसल्या वन्संचा उजवा हात लुळा पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तीन आठवडे इस्पितळात होती. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, चालेल, बोलेल, पण हाताची आशा फारशी धरू नका.

त्या वॉर्डात एक सिस्टर होती, तरणीताठी, दिवसभर उभी. दुपार कलली की डावा गुडघा चोळायची. वन्सं उशीवर मान वळवून तिच्या बुटाकडे बघत राहायची. एक दिवस अडखळत मला म्हणाली, "डावी टाच आतून झिजलीय. हिचा बूट मी करणार." मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणायचं असतं. पण ती त्याच ओढीवर उठून बसली, त्याच ओढीवर काठी धरून चालली.

आणि मी काय केलं? ती स्वच्छ घरात यावी म्हणून मी दुकान आवरलं. कोपरासुद्धा. चार पोती निघाली. भंगारवाल्याला दिली. जमीन दोनदा पुसली, खडूची रेघही पुसली. कंबर मोडली माझी, पण मनात म्हटलं, बावन्न वर्षांनी पहिल्यांदा खोली खोलीसारखी दिसतेय.

वन्सं घरी आली, दारातच थांबली. कोपऱ्याकडे बघितलं.

"सगळं?"

"सगळं," मी म्हटलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीत बसायची, दिलं तर जेवायची. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती पायांकडे बघत नाही. आपण बघतो तशी माणसांच्या तोंडाकडे बघते. सिस्टर मुद्दाम भेटायला आली, डावा पाय ओढत. वन्संने तिची चौकशी केली, आईची चौकशी केली. बुटाकडे नजर गेली नाही. हात डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गेला होता, पण हे मी घालवलं होतं. मी भंगारवाल्याकडे धावले. पोती कधीच पुढे गेली होती. नवं कोरं कातडं आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने बोटही लावलं नाही.

मला दुसरं काही सुचेना. सिस्टर भेटायला आली तेव्हा तिच्या पायाचं माप मी कागदावर पेन्सिलने काढून घेतलं होतं. त्याचा पुठ्ठा कापला आणि कातडं कापायची रापी हातात घेतली. त्या खोलीत बावन्न वर्षं चहा नेला, पण रापीला हात लावला नव्हता. चार दिवस खपून दोन बुटांचे वरचे भाग कापले, टाचले, आणि बघते तर दोन्ही डावेच. पदराखाली लपवून मागे न्यायला निघाले.

"आण इकडे," वन्सं म्हणाली.

डाव्या हाताने तिने ते उलटेपालटे केले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हे असं का केलंस?"

चुकलं, असं मी म्हणणार होते. पण ती चूक विचारत नव्हती. ती मामंजींसारखी थांबली होती, ऐकायला. मग मला खरंच आठवावं लागलं. मी म्हटलं, "सिस्टर आतल्या बाजूला झुकते. म्हणून कातड्याची जाड कडा आत यावी असं वाटलं. दोन्ही वेळा पुठ्ठा तसाच ठेवला. उलटवायचं डोक्यातच आलं नाही."

"जाड कडा आत. ते बरोबर आहे." मग दोन्ही माझ्याकडे सरकवले. "बाकीचं बिघडलंय. टाक तिकडे."

कोपरा रिकामा होता. मी ते दोन डावे बूट तिथे टाकले. ती त्यांच्याकडे बघत बसली. चहा आणला, तो गार झाला. संध्याकाळी तिने खडू मागितला आणि डाव्या हाताने वाकडीतिकडी रेघ मारली. मग माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "वहिनी, तुझ्या टाचा फाटल्यात. आणि तू उजवीकडे झुकतेस. कधीपासून?"

मी मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसले आणि पुढे येऊन म्हटलं, "तुझ्या बापाच्या घरात पाणी भरायला लागले तेव्हापासून."

त्यानंतर पाच महिने हात माझे आणि डोळे तिचे. कसं करायचं ते तिने मला एकदाही सांगितलं नाही. मी चिडायची, म्हणायची, अगं येतंय तुला तर सांगून टाक. ती म्हणायची, "मला येत नाही. तू कर, मग दिसेल." मी तोवर समजत होते की ज्याला उत्तर येतं तो हुशार. तिच्याजवळ उत्तर नसायचं. न येणाऱ्या गोष्टीजवळ बसून राहायचा धीर मात्र होता, आणि तो तिला बापाने एका कोपऱ्यात राखून दिला होता. अकरा बिघडले. बाराव्याच्या टाचेत आतल्या बाजूला बुचाची पाचर घातली आणि तो सिस्टरला दिला, जोडीला साधा उजवा.

दीड महिन्याने ती बूट घेऊन आली. म्हणाली, दुपारी गुडघा चोळायची आठवणच होत नाही. वन्संने डावा उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला. झीज दोन्हीकडे सारखी. मग उजवा बघितला. तो आता बाहेरून झिजायला लागला होता. वाकड्या तोंडाने ती हसली, आणि मला म्हणाली, "रापी घे."

पुढच्या वर्षी ती गेली. दुसऱ्या झटक्याने, खुर्चीतच.

सिस्टर अजून येते. आता इथे राहायला आलेली नातसून म्हणाली, आजी, बाळ रांगायला लागलंय, हा पसारा काढू या का? मी तिला खडू दिला आणि रेघ जरा अलीकडे ओढायला सांगितलं. बाळालाही रेघेच्या आत जागा लागेल. उजव्या बुटाचं अजून जमलेलं नाही. कोपऱ्यात उजवेच सात पडलेत. आठवा टाचून ठेवलाय, त्याचंही लक्षण काही बरं दिसत नाही.