भुजंगरावांचे बिनदुधाचे चौकोन

भुजंग वल्द सटवाजी, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर. वय एकसष्ट. बांधा मध्यम, मिशी दाट. पेशा : दूध संकलन केंद्राचे प्रमुख, हल्ली निवृत्त. स्वयंपाकघरातील वावर : पाणी पिण्यापुरता. एकतीस वर्षांच्या सेवेत सदर इसमाने एकही चूक केल्याचे आढळून आलेले नाही. चुका शोधण्याचे काम त्यांच्याचकडे होते.

असे हे भुजंगराव संक्रांतीच्या आदल्या दुपारी ओट्यापाशी उभे राहून सोयाबीनच्या दुधात, दुधातलं पाणी पकडायचं लॅक्टोमीटर बुडवत होते.

"किती डिग्री?" सिंधुबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दारातून विचारलं.

"लागंना."

"मग नापास करा की. साऱ्या तालुक्याचं दूध लई नापास केलं तुम्ही."

भुजंगरावांनी लॅक्टोमीटर पुसून ठेवलं. त्यांची एकुलती लेक ऋतुजा पुण्याला नोकरीला होती आणि दोन वर्षांपासून व्हीगन झाली होती. म्हणजे दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. दिवाळीत तिने बासुंदीची वाटी बाजूला सारली, तेव्हा पाहुण्यांदेखत भुजंगराव म्हणाले होते, "दुधाच्या पगारावर शिकलीस, अन् आता दुधालाच नाक मुरडतीस?" ती एक दिवस आधीच परत गेली. तेव्हापासून फोन फक्त आईला. उद्या सकाळी ती येणार होती, पण जेवायचं काय ते बाहेर बघीन म्हणाली होती. ते भुजंगरावांना लागलं होतं. माफी मागण्याची त्यांना सवय नव्हती. त्यापेक्षा भट्टी लावणं सोपं वाटलं.

कृती त्यांनी मोबाइलवर अकरा वेळा पाहिली होती. खाली सोयाबीनच्या दुधात भिजवलेल्या कणकेचा थर, मध्ये गूळ घालून आटवलेला पेरूचा गर, वर पुन्हा कणीक, आणि भाजून झाल्यावर चौकोन कापायचे. पहिल्या खेपेला त्यांनी न्हाणीघरातल्या बाटलीतलं खोबरेल ओतलं.

"खा," सिंधुबाई म्हणाल्या, "टकलावर केस तरी येतीन."

दुसऱ्या खेपेला करडईचं तेल घातलं, तेव्हा घरभर माणसाने खाण्यासारखा वास सुटला. चौकोनी डबा स्टँडाजवळच्या बेकरीवाल्या फारूककडून आणला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"भुजंगभाई, दूध नै, अंडा नै, मस्का नै. तो फिर उसमें हैच क्या?"

"पेरू," भुजंगराव म्हणाले.

तिसरी खेप खरी. डबा तीनदा धुतला. तुपाची बरणी वरच्या फळीवर चढवली. सिंधुबाईंना दुधाच्या हाताने आत यायची बंदी झाली.

"माझ्याच घरात?"

"उद्यापोत्तर. मी करून राहिलो ना."

जुन्या पातेल्यात मीठ पसरून, त्यावर डबा ठेवून, वरून झाकणावर वरवंटा ठेवून त्यांनी पहाटे मंद आच दिली आणि शेजारी स्टूल टाकून बसले.

ऋतुजा आली. आईला बिलगली, वडलांना "बरंय ना?" एवढंच म्हणाली. हातपाय धुऊन बसली आणि समोरची ताटली पाहून थांबली.

"अण्णांनी केलंय," सिंधुबाई म्हणाल्या. "दुधाचा थेंब न्हाई. मला तर कालपासून हद्दपार केलंय."

ऋतुजाने पहिल्यांदाच वडलांकडे नीट पाहिलं. भुजंगराव इतके खूष झाले की त्यांचा हात आपोआप चालू लागला. या घरात लेक प्रवासातून आली की तिच्या ताटात तूप बापाने वाढायचं. ऋतुजाला दात आल्यापासून ते हेच करत आले होते. आणि सिंधुबाईंनी स्वतःच्या भाकरीसाठी बरणी नुकतीच खाली काढली होती. भरला चमचा गरम चौकोनावर पालथा झाला. चौकोनाने तो पिऊन टाकला.



"अण्णा," ऋतुजा म्हणाली, "हे व्हीगन होतं ना?"

"व्हतं," भुजंगराव म्हणाले. "आत्तापोत्तर."

तिने ताटली बाजूला सारली, दिवाळीत वाटी सारली होती तशीच. भुजंगराव हातातल्या चमच्याकडे बघत राहिले. मग घसा साफ केला.

"चुकलं," ते म्हणाले. "आत्ताचंबी. अन् दिवाळीचंबी."

सिंधुबाईंचा भाकरीचा घास हातातच राहिला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, हा शब्द त्यांनी या तोंडून ऐकला नव्हता.  ऋतुजाने हात लांब करून अख्खा डबाच स्वतःकडे ओढला.

तुपातला चौकोन सिंधुबाईंनी खाल्ला. बाकीचे बुडाला करपले होते. ऋतुजाने पाच खाल्ले.