पापड उलटायला कोण जाणार

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत उडदाचे पापड लाटायला बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे जातात. आज आमच्याकडे, उद्या दुसरीकडे. माझा पापड काही केल्या गोल होत नाही, म्हणून मला लाट्या करायला बसवतात. आणि गोष्ट सांगायला. मी इंग्रजी शाळेत शिकले, वाचते त्या रहस्यकथाही इंग्रजीतल्याच. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण हात पिठात आणि नजर खाली असली की मी त्या कथा मराठीत सांगू शकते. वर्षभरात सगळ्यात जास्त बोलते ती याच दुपारांमध्ये.

मागच्या उन्हाळ्यात एका खुनाची गोष्ट चालू होती. नायिका आणि तिच्या घरातला भाडेकरू एका रात्री जवळ येतात. लेखिकेनं त्या रात्रीला भरपूर पानं दिली होती. मी ती सगळी गाळून थेट सकाळच्या चहावर आले. मग नायिका पोलिसांना सांगते, तुम्ही शोधताय तो हाच, याच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे.

अक्कांचं लाटणं थांबलं. अक्का आमच्या शेजारच्या, मूळच्या असोदा गावच्या, सगळ्यांत वडीलधाऱ्या.

"डाग हिले कसा दिसला व? सदऱ्यातून?"

धुळ्याहून आलेली माझी मामी हसली. "बठ्ठं सांग, काही गाळू नको. मी काय धाकली शे का?"

"नको ना मामी," नुकतीच लग्न होऊन आलेली माझी वहिनी म्हणाली. "खून कोणी केला ते ऐकायचंय. मध्येच हे कशाला? मी तर वाचतानाही अशी पानं उलटून टाकते."

"तुले नको, माले पाहिजे."

"आणि काल मुडद्याचं वर्णन आलं तेव्हा कानावर हात कोणी ठेवले?" वहिनीनं विचारलं.

"ते येगळं शे. रक्त माले सोसत नही."

माझे कान तापले होते. सांगितलं तर मी काय काय वाचते ते सगळ्यांना कळणार. नाही सांगितलं तर गोष्ट इथेच मोडणार, आणि तिच्याबरोबर माझ्या या दुपारीही.

अक्कांनी नवी लाटी उचलली. "गच्चीवरचे पापड उलटायचे झाले. जिले ऐकायचं नसीन तिनं वर जावं. उद्या रक्त आलं की मामी जाईन."

वहिनी उठून गेली. तिला कोणी बावळट म्हटलं नाही, मामीला कोणी चावट म्हटलं नाही. मोबाइलवर याच विषयावर वाचकांची भांडणं मी पाहिली आहेत. एक बाजू दुसरीला मागासलेली म्हणते, दुसरी पहिलीला घाणेरडी. या बायकांनी तो प्रश्न एका लाटीच्या वेळात सोडवला होता. मला तेव्हा त्यांचा फार हेवा वाटला.

मग मी सांगितलं. मराठीत त्यासाठी माझ्याकडे फारसे शब्द नव्हते, म्हणून जे दिसतं तेच सांगत गेले. त्यानं दिवा मालवायला हात पुढे केला, तिनं राहू दे म्हटलं. डागावरून बोट फिरवत तिनं विचारलं, अजून दुखतं का?

"हे गाळत होती तू?" अक्का म्हणाल्या. "चांगलं लिहिलं बाईनं. पहिले दुखण्याचं विचारलं."

"इतलंच?" मामी म्हणाली.

एवढ्यात जिन्यातून वहिनीचा आवाज आला, "झालं का? येऊ?"

मामी माझ्याकडे बघत होती. अक्का पापडाकडे बघत होत्या, पण लाटत नव्हत्या. पुस्तकातलं त्या रात्रीचं अजून एक पान राहिलं होतं.

"थांबा वहिनी," मी म्हणाले, "दुसरी बाजूही वाळू द्या."